आधी घसा, मग गाठ

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. 52 वर्षांचे गृहस्थ, उजव्या जबड्याच्या कोनाखाली तीन सेंटिमीटरची गाठ, दोन महिन्यांपासूनची, न दुखणारी. एफएनएसीत, म्हणजे सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत, नुसतं पाणी आलं. सर म्हणाले, ब्रँकियल सिस्ट (जन्मजात, साधी पाण्याची गाठ) असेल, काढ आणि हिस्टोला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) पाठव. शुक्रवारची ओटी (ऑपरेशन थिएटर) मिळाली आहे आणि तुझा हात धजत नाही. धजू नयेच. पण दोन पानी पत्रात घशाबद्दल एक ओळ नाही, याचा मला राग आला.

आधी घसा, मग गाठ. चाळिशीनंतर मानेत पाण्याची गाठ दिसली की ती कॅन्सरचीच समजून चाल, नाही हे सिद्ध होईपर्यंत. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर, थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर, या दोघांच्या मानेत पसरलेल्या गाठी आतून पोकळ होतात. सुई पोकळीत गेली की पाणीच येणार. सोनोग्राफीखाली गाठीच्या भिंतीतला घट्ट भाग शोध, 23 नंबरच्या सुईने तिथूनच पुन्हा घे. पाणी फेकू नकोस, थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडचं प्रथिन) आणि सीबीनॅट (टीबीची चाचणी) यांसाठी पाठव. आपल्याकडे दुसरी घाई टीबीची. पुरावा नसताना एकेटी (टीबीची औषधं) सुरू करायची आणि दोन महिने वाट बघायची. तेवढ्यात गाठ कॅरोटिडला, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला, चिकटलेली असते.

आता घसा. हेडलाइट लाव, कवळी काढायला सांग, दोन टंग डिप्रेसर घे. तंबाखूची गोळी कुठे धरता ते विचार आणि त्या बाजूची गाल-हिरडीमधली खाच ताणून बघ. जीभ गॉजने धरून बाहेर ओढ. कडा अगदी मागच्या दाढेपर्यंत दिसायला हवी. तोंडाचा तळ दोन्ही हातांनी चाचप, एक बोट आत, दुसरा हात हनुवटीखाली. मग बधिर करणारा लिग्नोकेनचा स्प्रे मार आणि बोट टॉन्सिलवर, जिभेच्या मुळावर फिरव. ओकारी येईल, येऊ दे. तिथला कॅन्सर कित्येकदा दिसत नाही, बोटाला दगडासारखा लागतो. हे बोट घालायचा कंटाळा चांगल्या-चांगल्यांना असतो.

स्कोप (कॅमेऱ्याची बारीक नळी) नाकातून घाल. नाकामागची पोकळी, व्हॅलेक्युला (जिभेच्या मुळामागचा खळगा), कॉर्डची (स्वरतंतूंची) हालचाल बघ. पायरिफॉर्म, म्हणजे स्वरयंत्राच्या बाजूचा खळगा, मिटलेला असतो. ओठ बंद ठेवून गाल फुगवायला सांग, म्हणजे उघडतो. एकाच बाजूला लाळ साचली असेल तर सोडू नकोस. डोक्याची आणि कानामागची कातडीही बघ. कान दुखतो पण कान स्वच्छ आहे, असं असेल तर पुन्हा घशात जा; नववी आणि दहावी नर्व्ह ते दुखणं कानापर्यंत नेतात.

काहीच सापडलं नाही तर कॉन्ट्रास्ट सीटी, जमल्यास पेट स्कॅन, आणि त्यानंतरच भुलेखाली तपासणी. आधी तुकडे घेतलेस तर पेटमध्ये तीच जागा चमकते आणि वाचणारा फसतो. भुलेत त्याच बाजूचा टॉन्सिल काढ. एवढं होऊनही उत्तर नसेल तर गाठ काढ: अख्खी, न फोडता, फ्रोझनची (ऑपरेशन चालू असतानाच्या तपासणीची) सोय ठेवून, आणि चीर पुढच्या नेक डिसेक्शनच्या (मानेतल्या गाठी काढायच्या ऑपरेशनच्या) रेषेत. लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कोअर (जाड सुईने काढलेला तुकडा) किंवा अख्खी गाठ लागतेच.

एवढा हट्ट कशासाठी? गाठ फुटली की पेशी मानेच्या थरांत सांडतात. व्रण बसतो, थर चिकटतात, पुढचं डिसेक्शन करणारा अंदाजाने चालतो. शिवाय अकरावी नर्व्ह, खांदा उचलणारी. लेव्हल दोनमध्ये (जबड्याखाली मानेच्या वरच्या भागात) ती गाठींच्या मधून जाते, पाचमध्ये (मानेच्या मागच्या बाजूला) तर कातडी आणि फॅशियाच्या पातळ पडद्याखालीच असते. ‘छोटीशी बायोप्सी’ म्हणून घातलेल्या चिमट्यात ती जाते, खांदा उतरतो आणि हात खांद्याच्या वर जात नाही. गोणी उचलणाऱ्या माणसाचं पोट त्या खांद्यावर असतं.

मला लोक ओपीडी तुंबवणारा म्हणतात. तुंबू दे. नीट बघायला दहा मिनिटं जातात, फुटलेली गाठ निस्तरायला पाच तास, आणि तरी निस्तरत नाही. सरांशी वाद घालू नकोस; ‘स्कोपी (स्कोपने तपासणी) राहिली आहे’ एवढंच म्हण, त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

शुक्रवारची जागा दुसऱ्या पेशंटला दे. मला तीन गोष्टी कळव: जिभेच्या मुळाला बोटाला काय लागलं, उजवा पायरिफॉर्म पूर्ण उघडला का, दोन्ही कॉर्ड हलतात का. टॉन्सिलवर व्रण दिसला तर पंच (बायोप्सीचा तुकडा) कडेवरून घे, मधल्या सडक्या भागातून नको, आणि फॉर्मवर पी16 (एचपीव्ही विषाणूशी जोडलेल्या कॅन्सरची खूण) मागायला विसरू नकोस.