डिस्प्ले बदलायला पिन लागत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या सॅमसंगची काच फुटलीय, खालच्या अर्ध्या भागाला टच लागत नाही. दादर स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, "फोन ठेवून जा, संध्याकाळी न्या, पिन इथे लिहा." द्यावा का? आणि त्याआधी आईने नेटवर शोधून ज्या 'कस्टमर केअर'ला फोन लावला, त्याने एक ॲप टाकायला सांगितलंय, ते टाकावं का?

ॲप टाकू नका आणि पिनही देऊ नका. पण दुकानदार लगेच चोर ठरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बरीच वर्षं लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगच्या काउंटरवर काढलीत. फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले मिळून जो अख्खा भाग येतो तो, बदलताना फोन बंदच असतो. कडा गरम करून सैल करायच्या, जुना उचलायचा, पट्टे काढून नव्याचे बसवायचे. पिन आठवतो तो यानंतर, टेस्टिंगला. कारागीर वर माळ्यावर, गिऱ्हाईक ऑफिसात, आणि त्याला फोन करून विचारावं तर त्याचा फोन आमच्याच हातात! म्हणून आधीच लिहून घ्यायची पद्धत पडली. सोय आहे ती, गरज नाही.

आता हा पिन कुठे कुठे जातो बघा. बिलबुकात नाव, मॉडेल, काय बिघडलंय ते, आणि कोपऱ्यात नऊ ठिपके काढून त्यांवर पॅटर्नची रेघ. सुरुवात कुठून ते कळावं म्हणून बाणसुद्धा. त्याखाली कार्बन कॉपी. शिवाय फोनच्या पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर पुन्हा तेच आकडे. बोर्डाचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटचं, काम निघालं की फोन पोऱ्याच्या हातून दुसऱ्या गाळ्यात, चिकटपट्टीसकट. तुम्ही काउंटरवरच्या एका माणसाच्या भरवशावर पिन देता, वाचणारे बरेच असतात. दुकान मनीष मार्केटमधलं असो नाहीतर काचेच्या दाराचं एसी सर्व्हिस सेंटर, पद्धत फार वेगळी नसते.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असंही नाही. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये काही लॅपटॉप मुद्दाम दुरुस्तीला देऊन कोण काय उघडतं त्याच्या नोंदी काढल्या. सहा ठिकाणी खाजगी फाइल्स चाळलेल्या निघाल्या, दोन ठिकाणी तर कॉपी केलेल्या. नुसती बॅटरी बदलायची म्हटलं तरी जवळजवळ सगळ्यांनी पासवर्ड मागितला होता.

"माझ्या फोनमध्ये आहे काय, नातवंडांचे फोटो," असं आई म्हणत असतील. फोटो सोडा. स्क्रीनच्या पिनवर क्रोममधले साठवलेले पासवर्ड उघडतात. त्याच पिनवर बऱ्याचदा गूगल खात्याचा पासवर्डही बदलता येतो. यूपीआयचा पिन वेगळा असतो हे खरं, पण तो नव्याने ठेवायला काय लागतं? डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, एक्स्पायरी आणि ओटीपी. किंवा आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. काही बँका वर एटीएमचा पिनही विचारतात, सगळ्या नाही. कार्ड आणि आधारचे फोटो गॅलरीत असतात, कुणाला तरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले. ओटीपी येतो तो त्याच फोनमधल्या सिमवर. एवढं सगळं एकाच खोक्यात घालून आपण दुकानात ठेवून येतो. त्यात आपल्या आधीच्या पिढीची खास युक्ती म्हणजे कॉन्टॅक्टमध्ये 'एटीएम काका' नावाचा नंबर, ज्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे पिन. ही युक्ती पोऱ्यापासून शेठपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आणि फोन, एटीएम, यूपीआय तिन्हींना एकच पिन असेल, बहुधा जन्मसाल, तर मग विषयच संपला.

आता तुमच्या फोनचं. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड असतो. 2022 पासून तो येऊ लागला आणि वन यूआय 5 पासून, म्हणजे सॅमसंगच्या सॉफ्टवेअरच्या त्या आवृत्तीपासून, पुढच्या बऱ्याच मॉडेलांत आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाकलंत की सापडेल. चालू केला की फोन रीस्टार्ट होऊन कोऱ्यासारखा दिसतो: फोटो, मेसेज, खाती, टाकलेली ॲप काहीच नाही, पण कॅमेरा, स्पीकर, टच सगळं तपासता येतं. बाहेर पडायला तुमचाच पिन लागतो. पिक्सेलला हीच सोय डिसेंबर 2023 मध्ये रिपेअर मोड नावाने आली.

टच अर्धाच चालतोय ही अडचण आहे, पण ओटीजी जोडणी, म्हणजे चार्जिंगच्या खाचेत यूएसबी लावायचा छोटा तुकडा, आणि घरातला साधा यूएसबी माउस लावून बघा. स्क्रीनवर बाण येतो आणि क्लिक करून सगळं करता येतं. फोल्डर उघडायच्या आधी हे घरीच उरका, बॅकअपसुद्धा. मग सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. कार्डावरचं सहसा कुठल्याच कुलपात नसतं.

मोड सापडलाच नाही तर फोन पूर्ण बंद करून द्या, नुसता लॉक करून नको. बंद करून चालू केलेल्या फोनमधला डेटा पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बंदिस्तच राहतो, बोटाचा ठसाही तेव्हा चालत नाही. आणि दुकानदाराला सांगा, "टेस्टिंग लॉकवरच करा, बाकीचं मी घ्यायला आले की समोर बघू." मुरलेला कारागीर हे करतो. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, स्वतःचं सिम घालून त्यावर फोन लावला की लॉक न उघडता उचलता येतो, म्हणजे माइक आणि स्पीकर दोन्ही कळले. इमर्जन्सीच्या डायलपॅडवर एकेक आकडा दाबून त्या भागातला टच बघता येतो. फक्त डायल करायचं नाही.

तरीही "पिनशिवाय घेतच नाही" म्हणाला, तर दादरला दुकानांची काय कमी आहे? किंवा दुपारी गर्दी नसताना जा आणि समोर बसून करून घ्या. बहुतेक मॉडेलांचा फोल्डर माल हाताशी असेल तर तास-दीड तासात होतो. संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात ते बहुधा माल बाहेरून आणायचा असतो म्हणून. मग आधी माल मागवा म्हणावं, आला की फोन आणते.

पिन खरोखर लागतो तो पाण्यात पडलेल्या, बोर्ड गेलेल्या फोनमधून डेटा काढताना. तो पिनशिवाय वाचताच येत नाही. तिथे मात्र स्वतः हजर राहून स्वतःच्या बोटाने टाका. आयफोनवाल्यांसाठी एकच: फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करण्याऐवजी 2024 पासून, म्हणजे आयओएस 17.5 पासून, रिपेअर स्टेटची सोय आहे. पासकोड तिथेही कुणाला द्यायचा नसतो.

आता तो कस्टमर केअरवाला. त्याने सांगितलेलं ॲप बहुतेक स्क्रीन दुसरीकडे दाखवणारं असणार. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या अशाच ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं ते 2019 मध्येच. ॲप स्वतः खोटं नसतं, पण आई स्क्रीनवर जे बघतात ते सगळं त्यालाही दिसतं, आलेला ओटीपीसुद्धा. सर्व्हिस सेंटरचा नंबर सर्चमधून उचलू नका, कंपनीच्या साइटवरून किंवा फोनच्या खोक्यातल्या कागदावरून घ्या. ॲप टाकून झालं असेल तर आधी नेट बंद करा, मग ते काढून टाका. पैसे गेल्याचा मेसेज दिसला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन आणि बँकेलाही कळवा. यात तास-दोन तासांनीही फरक पडतो.

फोन हातात आल्यावर व्हॉट्सॲपचं लिंक्ड डिव्हाइसेस आणि गूगल खात्यातली उपकरणांची यादी एकदा बघून घ्या, अनोळखी काही जोडलेलं नाही ना. आणि हो, जुना फोल्डर परत मागा. वरची काच फुटलेली पण आतला डिस्प्ले शाबूत असलेला ओरिजिनल फोल्डर बाजारात विकला जातो, नवी काच चढवून दुसऱ्याला ओरिजिनल म्हणून लावतात. तो ठेवून घ्यायचा असेल तर बिलात तेवढी सूट द्या म्हणावं. लॅमिंग्टन रोडला मागितली की द्यायचे, दादरलाही देतील.