मोठ्या मूळ संख्यांच्या नादी लागताना

बेटा, चार कोटी अंकांच्या संख्येने सुरुवात नको करू. आधी वही आणि पेन घे.

आपल्या नागपूरचाच एक पिन बघ, ४४००१३. शेवटी ३ आहे म्हणून मूळ वाटतो. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग गेला. ७ नेही जातो: २१ × २०९५३.

नवे लोक हमखास इथे चुकतात:

- सगळ्या संख्यांनी भागत बसतात. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ४४००१३ साठी ६६१ पर्यंतच.
- १ ला मूळ धरतात. तो मूळ नाही.
- घातांक मूळ, म्हणजे मर्सेन संख्याही (२ चा घात वजा १) मूळ, असं समजतात. ही चूक मीही वर्षभर केली. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ × ८९. ३१ वा घात वजा १ मात्र खरंच मूळ: २,१४,७४,८३,६४७. गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली ते सिद्ध केलं, तेही हाताने! भागाकार कसे वाचवले ते नक्की वाच, फार देखणं आहे.

लुकास-लेमर चाचणी (मर्सेन संख्या मूळ आहे का ते तपासायची पद्धत) सध्या बाजूला राहू दे. या आठवड्यात २०० पर्यंतची चाळणी (प्रत्येक मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जायचं, उरतील त्या मूळ) हाताने कर आणि वही घेऊन ये.