पैसे घेतले नाहीत, तरी ‘जाहिरात’ लिहायचं?

प्रश्न : ताई, मी मालवण तालुक्यातली. दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर मालवणी जेवणाचे आणि गावच्या वाटांचे रील करते. ३८ हजार लोक फॉलो करतात. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या काकांनी दोन रात्री राहायला-जेवायला बोलावलंय. पैसे देणार नाहीत. ‘जाहिरात’ असं लिहू नको, लोक पुढे सरकवतात, असं त्यांचं म्हणणं. एका मसाला कंपनीनेही न मागता घरी खोका पाठवलाय. मी पैसाच घेतलेला नाही, मग ती जाहिरात कशी? आणि तसं लिहिलं तर पुढे कोणी बोलावणार नाही, ही भीती आहेच.
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून ‘तू’च म्हणते. पैसे हातात आले नाहीत तरी ती जाहिरातच.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. देणारा आणि सांगणारा यांच्यात काही लागाबांधा असेल तर तो बघणाऱ्याला कळला पाहिजे, हे त्यातलं मुख्य सूत्र. लागाबांधा म्हणजे काय, हेही त्यात दिलंय : पैसे, फुकट वस्तू, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, अदलाबदल, पुरस्कार, एवढंच काय, घरचं नातंसुद्धा. तुझ्या दोन रात्री त्यात थेट बसतात. मसाल्याच्या खोक्याचं उत्तर जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेच्या, म्हणजे ‘आस्की’च्या नियमांत सापडतं. १४ जून २०२१ पासून लागू झालेल्या त्या नियमांत न मागता आलेली वस्तूही धरली आहे. खोका कपाटात ठेवून दिलास आणि त्याबद्दल काही बोलली नाहीस, तर प्रश्नच नाही. पण तोच मसाला कोंबडीच्या रश्शाला घालून कंपनीचं नाव घेतलंस, तर तो कुठून आला ते सांगायला हवं. बाजारात जाऊन स्वतःच्या पैशाने आणलेल्या मसाल्याचं मात्र हवं तेवढं कौतुक कर. तिथे काही लिहावं लागत नाही.

फुकट म्हणजे काहीच नाही, असं आयकर खातंही मानत नाही. १ जुलै २०२२ पासून मोठ्या व्यवसायांनी कुणाला धंद्याच्या संबंधात वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू किंवा सोयी दिल्या, तर त्यावर १० टक्के कर कापून भरावा लागतो. तुझ्या दोन रात्री त्या मर्यादेच्या खूप आत आहेत, पण मुक्कामाला किंमत असते एवढं त्यावरून लक्षात घे.

आता घरातली गोष्ट सांगते, कारण या विषयावर मला पोटतिडकीने बोलावंसं वाटतं ते तिच्यामुळेच. माझ्या सासूबाईंचं वय ७६. गुडघे दुखतात. गेल्या वर्षी मोबाइलवर त्यांनी एका मुलीचा व्हिडिओ पाहिला, गुडघ्याच्या तेलाचा. मुलगी ओसरीत बसून आपल्या आजीच्या पायाला तेल चोळत होती आणि अस्सल मालवणीत बोलत होती. मी नको म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, “आपल्या भाषेत बोलता ता चेडू, ता कित्याक खोटा सांगात?” तीन बाटल्या आल्या, १,८०० रुपये गेले. पैशांचं मला एवढं वाटलं नाही. पण तेल सुरू झालं म्हणून त्यांनी डॉक्टरांनी दिलेला व्यायाम दीड महिना सोडला आणि नंतर घरातला उंबरा ओलांडतानाही हात धरावा लागायला लागला. मी तो व्हिडिओ पुन्हा उघडून पाहिला. खालच्या मजकुरावर बोट ठेवून तो पूर्ण उलगडला, तेव्हा हॅशटॅगच्या रांगेत शेवटून दुसरा, इंग्रजी दोन अक्षरांचा ‘ॲड’ सापडला. ७६ वर्षांच्या बाईला तो दिसणार कसा? दिसला तरी कळणार कसा? त्या मुलीला मी मेसेज केला. तिचं उत्तर आलं, ‘काकू, कंपनीने असंच टाकायला सांगितलं होतं.’ ती खोटं बोलत नसावी. पण सासूबाईंनी विश्वास टाकला तो तिच्यावर, कंपनीचं तर त्यांना नावही आठवत नाही.

म्हणून तुला सांगते, तुझी मालवणी हीच तुझी पुंजी आहे. मुंबईच्या चाळीत बसलेली एखादी मावशी तुझा रील बघते तेव्हा तिला माहेरचं कोणी बोलतंय असं वाटतं. अशा माणसापासून तू लपवून काही विकलंस तर ती जास्त दुखावते.

लिहायचं कसं? रीलच्या चित्रावरच, डोळ्यांना सहज दिसेल असं ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ लिही आणि तोंडानेही सांग. सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे व्हिडिओत दोन्ही लागतं, दिसणंही आणि ऐकू येणंही. ‘आस्की’ने वेळही ठरवून दिली आहे : १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान ३ सेकंद, त्याहून मोठा पण २ मिनिटांच्या आतला असेल तर एकूण लांबीच्या एक-तृतीयांश वेळ, आणि २ मिनिटांचा किंवा त्याहून मोठा असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर. तुझे रील दीड मिनिटाचे असतील तर ३० सेकंद अक्षरं दिसली पाहिजेत. खालच्या मजकुरात लिहिशील ते पहिल्या दोन ओळींत. इन्स्टाग्रामची ‘पेड पार्टनरशिप’ची सोयही वापर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. ती बारीक इंग्रजी अक्षरं आमच्याकडच्या कितीतरी बायका वाचत नाहीत. सुरुवातीलाच बोल : “ह्या घरवाल्यांनी माका दोन रात्री फुकट रवाक दिल्यानी हा, ता आधी सांगतंय. आता कसा वाटला ता सांगतंय.” एवढं ऐकून कोणी पुढे सरकवत असेल तर सरकवू दे. जो थांबेल तो ऐकायला थांबलेला असेल.

शब्द लिहिला म्हणून काम संपलं, असंही नाही. तारकर्लीच्या त्या घरात, समजा, पाच खोल्या आहेत आणि समुद्र एकाच खोलीतून दिसतो. ती खोली काका तुला देतील, हे नक्की. तू त्याच खिडकीतला सूर्यास्त दाखवलास, तर कोल्हापूरहून दोन लहान मुलं घेऊन आलेल्या बाईला मागची, पाण्याच्या टाकीकडे तोंड असलेली खोली मिळाल्यावर ती कुणाला बोल लावेल? पाचही खोल्या बघ. विहिरीचं पाणी, मोबाइलची रेंज, रात्री वीज गेली तर काय सोय, जेवणाच्या ताटाचा खरा दर, हे विचारून घे आणि सांग. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे शिफारस ही सांगणाऱ्याच्या खऱ्या मताची आणि पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली असावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा चूक झाली तर ५० लाखांपर्यंत, आणि पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत शिफारस करायला बंदीही घालू शकतं. जाहिरातीतले दावे तपासून घेण्याची योग्य काळजी घेतली होती असं दाखवता आलं, तर त्या दंडापासून आणि बंदीपासून वाचता येतं. तुझ्या रीलवर उद्या कोणी दंड ठोठावेल म्हणून हे लिहीत नाही. पण पाच खोल्या पाहिल्याची वहीत नोंद ठेव, ती तुझ्याच उपयोगाची आहे.

काकांना सांग, लपवण्याची जबाबदारी एकट्या तुझ्यावर येत नाही. ‘आस्की’च्या नियमांत जाहिरातदारही तेवढाच बांधलेला आहे. आणि ते तरीही ‘लिहू नको’ म्हणाले, तर तो मुक्काम सोड. तुझ्या पहिल्या वर्षीच्या रीलमध्ये आजीच्या हातच्या कुळथाच्या पिठीला कुणी पैसे दिले असतील असं मला वाटत नाही. ३८ हजार माणसं जमली ती अशाच रीलमुळे.

*

प्रश्न : गुहागरजवळ आमच्या तीन खोल्या आहेत. मोठे फॉलोअर असलेल्या एकाने चार जणांचा तीन दिवसांचा मुक्काम फुकट मागितला. नाही म्हटल्यावर ‘मग रिव्ह्यू काय येतो ते बघा’ असा मेसेज आला. काय करावं?
– एक व्यावसायिक, गुहागर तालुका

उत्तर : मेसेज पुसू नका, फोटो काढून ठेवा. एका ओळीत, सभ्य शब्दांत लेखी नकार द्या आणि फोनवर वाद घालू नका. बदनामीची भीती दाखवून काही उकळू पाहणं हा गुन्हा ठरू शकतो. पुन्हा तसा मेसेज आला तर दोन्ही मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात जा. पुढे कधी कुणाला तुम्ही आपणहून बोलावलंत, तर चार ओळींचा कागद करा : काय दिलं, किती दिवस दिलं, ‘जाहिरात’ हा शब्द दिसेल आणि मत पाहुण्याचं स्वतःचं असेल. चांगलंच बोला, अशी अट मात्र घालू नका.

*

प्रश्न : डोंबिवलीत राहतो, गाव देवगड. एका रीलमध्ये ‘आमच्या बागेतला देवगड हापूस’ पाहून पाच डझनांची पेटी मागवली. कापल्यावर फळ आमच्याकडचं नाही हे लगेच कळलं. नंतर समजलं, रील करणारा विक्रेत्याचा मावसभाऊ. तक्रार होते का?
– एक चाकरमानी

उत्तर : होते. वर लिहिलंच आहे, नातंही उघड करावं लागतं. शिवाय ‘हापूस’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी. बाहेरचं फळ त्या नावाने विकणं म्हणजे गिऱ्हाईक आणि आमचा बागायतदार दोघांनाही फसवणं. देवगडचे लोक मोहोरापासून फळमाशीपर्यंत वर्षभर झटतात, ते मी डोळ्यांनी पाहते, म्हणून याचा मला फार राग येतो.

आधी विक्रेत्याला लेखी कळवून पैसे परत मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, देवगडला किंवा ओरोसला खेपा घालायची गरज नाही. दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. पण आजच्या आज एक करा : तो रील स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. तक्रारीचा सुगावा लागला की असे रील रातोरात काढून टाकले जातात. पेटीवरचं लेबल, पैसे भरल्याची नोंद आणि कापलेल्या फळाचे फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.