अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये पहिल्यांदाच सिंफनी ऐकायला जायचंय. कुठली जागा आणि कुठला कार्यक्रम निवडावा?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच शहराशेजारच्या अ‍ॅम्स्टलफेनला राहायला आलात आणि वेस्टर्न क्लासिकल फारसं ऐकलेलं नाही. तर तिकीट काढण्याआधी त्या दिवशी वाजवणार कोण, ते बघा. कॉन्सर्टगेबाऊ ही इमारत आणि रॉयल कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रा या दोन वेगळ्या संस्था आहेत. दोन्हींची सुरुवात 1888 ची, पण हॉलमध्ये इतर ऑर्केस्ट्राही नेहमी वाजवतात. शिवाय हॉल दोन आहेत. सिंफनी म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्राने वाजवायची अनेक भागांची रचना; तिच्यासाठी 'ख्रोते झाल', म्हणजे मोठा हॉल, हवा. छोट्या हॉलमध्ये चार वादकांचे संच, एकट्या पियानोचं वादन वगैरे असतं.

आता जागा. तळमजल्यावरच्या पहिल्या सात-आठ रांगा टाळा. मंच माणसाच्या छातीइतका उंच आणि हॉलची जमीन सपाट, त्यामुळे पुढे बसलं की व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. मागचे बासरी-ओबो दिसत नाहीत आणि नीट ऐकूही येत नाहीत. साधारण दहावी ते विसावी रांग उत्तम. अगदी मागे बाल्कनीखाली गेलात तर छतावरून येणारा आवाज अडतो, सगळं थोडं दबल्यासारखं वाटतं. मंचासमोरच्या बाल्कनीत आवाज छान मिसळून येतो, तिथल्या पुढच्या रांगा मिळाल्या तर सोडू नका. बाजूच्या बाल्कनीत मात्र फक्त पहिली रांग घ्या. दुसऱ्या रांगेपासून अर्धा मंच दिसतच नाही.

एक जागा नवख्यांना सुचत नाही: ऑर्केस्ट्राच्या पाठीमागच्या चढत्या रांगा. कॉयर असेल तेव्हा तिथे गायक बसतात, नसेल तेव्हा त्या विकल्या जातात. कंडक्टरचा चेहरा आणि हात समोरून बघायचे असतील तर याला तोड नाही. पण ट्रम्पेट आणि टिम्पनी (मोठे नगारे) पुढ्यातच, त्यामुळे आवाजाचा तोल बिघडतो. पियानो कॉन्चेर्टोला, म्हणजे एकटा पियानो आणि ऑर्केस्ट्रा अशा रचनेला, तर तिथे बसूच नका, पियानोचं झाकण आवाज पलीकडे प्रेक्षकांकडे फेकतं. गायक असेल तर त्याची पाठ ऐकायला मिळेल.

आवाज इतका नावाजलेला का, हेही विचारलंत. हॉल साधारण 44 मीटर लांब, 28 रुंद, 17 उंच. व्हिएन्नाचा प्रसिद्ध सोनेरी हॉल जेमतेम 19 मीटर रुंद आहे. इथे बाजूच्या भिंती एकमेकींपासून दूर असल्यामुळे तिथून परतणारा आवाज किंचित उशिरा पोचतो; सूर धारदार न वाटता भोवतीने येतो. हॉल भरलेला असताना आवाज सुमारे 2.2 सेकंद घुमतो, रिकामा असताना 2.8. म्हणजे सकाळच्या तालमीत जे ऐकू येतं ते रात्री तसं नसतं. त्यात ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं वाजवणारे, चढावर बसतात, त्यांचा आवाज व्हायोलिनच्या डोक्यावरून थेट हॉलमध्ये येतो. घरच्या ऑर्केस्ट्राला हे अंगवळणी पडलंय. पाहुणा कंडक्टर सावध नसेल तर तंतुवाद्यं बुडतात.

हाच घुमारा बोलण्याला आणि स्पीकरवरच्या संगीताला मारक ठरतो. ड्रम्स, माइक, भराभर निवेदन असलेला कार्यक्रम इथे गढूळ होतो, म्हणून पहिल्या भेटीला तसला निवडू नका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर विनामाइक भारतीय संगीतासाठी श्रोत्यांना मंचाजवळ घेऊन बांधलं, ते वेगळं गणित.

मग काय ऐकावं? ब्राम्स, ब्रुकनर, देब्युसी किंवा माहलर या संगीतकारांपैकी कोणाचीही रचना. माहलर माझ्या मते सर्वांत आधी. तो स्वतः इथे येऊन आपल्या रचना कंडक्ट करायचा; 1904 मध्ये तर त्याची चौथी सिंफनी एकाच संध्याकाळी दोनदा वाजवली गेली, म्हणजे श्रोत्यांना ती नीट उमगावी. तुम्हीही चौथीपासूनच सुरुवात करा, तासाभरात संपते. तिसरी दीड तासाहून मोठी आहे, नवख्याला जड जाईल. सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळ्या वाजवत नाहीत. सगळे खोकून घेतात, तुम्हीही घ्या. डोळे मोकळे असतील तर बाल्कनीच्या कठड्यावरची संगीतकारांची नावं वाचा. बाख-बेथोव्हेनच्या पंगतीत डीपेनब्रॉक, वाखेनार अशी डच मंडळीही बसवलीत, ज्यांना नेदरलँड्सबाहेर फारसं कोणी ओळखत नाही.

तुमच्याकडून 5 नंबरची ट्राम म्युझियमप्लाइनला थेट येते, हॉल समोरच. उशीर झाला तर आत सोडत नाहीत, निदान पहिली रचना संपेपर्यंत. वय 35 च्या आत असेल तर 'आन्त्रे' या तरुणांच्या योजनेची सवलत बघा. आणि पैसे घालण्याआधी चाचपून पाहायचं असेल, तर सीझनमध्ये बहुतेक बुधवारी दुपारी साडेबाराला अर्ध्या तासाची लंच कॉन्सर्ट असते. ती बऱ्याचदा छोट्या हॉलमध्ये होते. वेबसाइटवर मोठ्या हॉलचं नाव दिसेल तो बुधवार धरा, आणि आधी नोंदणी लागते का तेही तिथेच बघून ठेवा.