जुन्या पीसीला फक्त व्हीजीए आणि टीव्हीला एचडीएमआय, कसं जोडायचं?

भाऊ, आधी टीव्हीच्या मागे नीट पाहा, बऱ्याच थोड्या जुन्या एलसीडी-एलईडी टीव्हीला 'पीसी इन' असं लिहिलेला 15 छिद्रांचा व्हीजीए पोर्ट असतो, तो असला तर साधी व्हीजीए केबल आणि आवाजासाठी 3.5 एमएमची ऑडिओ केबल, बस झालं.

नसेल तर नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर आणा, पण घेताना डोळे उघडे ठेवा नं! नुसती एका टोकाला व्हीजीए न् दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल देतील तर घेऊ नका, व्हीजीए ॲनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल, मधात सिग्नल बदलणारं सर्किट पाहिजेच. आणि एचडीएमआय टू व्हीजीए वाला उलटा डबा हुबेहूब तसाच दिसते, तो इथं अजिबात चालत नाही. व्हीजीएची पिन, यूएसबीची पॉवर वायर, ऑडिओची वायर आणि एचडीएमआयचं सॉकेट, हे चारही आहे का ते पाहूनच पैसे द्या. व्हीजीएतून आवाज जातच नाही, म्हणून ती ऑडिओची वायर लागते.

जोडल्यावर विंडोज 7 किंवा पुढचं असेल तर कीबोर्डवरची विंडोज आणि पी ही बटणं सोबत दाबा, डुप्लिकेट निवडा. 'नो सिग्नल' आलं तर रिझोल्यूशन 1024×768 वर आणून पाहा.