अळीच्या नर्व्हवरची ग्लिया बघताना

सगळी ग्लिया (नर्व्हला, म्हणजे मज्जातंतूंच्या जुडीला, वेढणाऱ्या आधारपेशी) एकदम रंगवू नकोस. फळमाशीच्या अळीत नर्व्हवर बाहेरून आत पेरिन्युरियल, सबपेरिन्युरियल आणि अॅक्सॉनना (चेतापेशींच्या लांब तंतूंना) प्रत्यक्ष लपेटणारी रॅपिंग ग्लिया असते. मधला थर सेप्टेट जंक्शनांनी, म्हणजे पेशींमधल्या घट्ट सांध्यांनी, शिवलेला. पोटॅशियमयुक्त हिमोलिम्फ (अळीचं रक्त) तोच अडवतो. तो गळला की अळी लुळी पडते. रॅपिंग ग्लिया दिसण्यासाठी एनआरव्ही२-गॅल४ (त्या पेशींत हवा तो जीन चालू करणारा स्विच) आणि पेशीपटलावरचा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) घे.

बाटलीच्या भिंतीवर चढलेली तिसऱ्या टप्प्यातली अळी थंड, कॅल्शियमविरहित सलाइनमध्ये पाठीवरून चीर. आतडं, चरबी काढ, पण मेंदू ओढू नकोस. ताणलेल्या नर्व्हवर मण्यांसारखे फुगवटे येतात आणि नवखा त्यालाच म्युटंटचा (जीन बिघडलेल्या अळीचा) दोष समजतो! म्हणून कंट्रोल (तुलनेसाठीची साधी अळी) त्याच दिवशी, त्याच हाताने. मग ऊती टिकवायला ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, २० मिनिटं. अॅक्सॉन रंगवायला एचआरपीची अँटिबॉडी, ती कीटकांच्या चेतापेशींच्या पटलाला चिकटते. एकेका अॅक्सॉनभोवतीची घडी मात्र कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर नीट वेगळी दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच हवा.

गोव्यातल्या पावसात माश्यांच्या खाद्याला बुरशी लगेच धरते. निपाजिन (बुरशीनाशक) घालायला विसरू नकोस. वीज गेली तर इन्क्युबेटरचं तापमान लिहून ठेव: २५ आणि २९ अंशांवर गॅल४ सारखं चालत नाही.