चराईच्या बोकडांसाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार. आपले पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद मी दोनदा वाचला. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या चिरंजीवांचे शेजारी गवतावर वाढलेल्या गाईचा चौथा हिस्सा थेट पशुपालकाकडून घेतात आणि वर्षभर डीप फ्रीजरमध्ये ठेवून वापरतात, हे ऐकून ही कल्पना आपल्या मनात आली. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशहत्येस बंदी आहे, आणि आपल्या घरात ते मांस चालतही नाही. म्हणून तीच रीत आपण मटणाला लावू पाहत आहात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील चार मराठी घरांनी मिळून भिंडच्या बाजूच्या एका शेळीपालकाला प्रत्येक घरामागे ३६,००० रुपये आगाऊ द्यायचे, त्याने प्रत्येकासाठी तीन करडे दहा महिने बीहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, चारायची, आणि ३० किलोचा बोकड झाला की तो आपल्याला द्यायचा. आपल्या वाट्याच्या रकमेसाठी मुदत ठेव मोडावी का, असा आपला प्रश्न आहे.

ठेव मोडू नये, असे माझे मत आहे. मटण मात्र त्याच माणसाकडून अवश्य घ्यावे, फक्त वेगळ्या पद्धतीने.

आपल्या हिशेबातील मुख्य चूक एका आकड्यात आहे. १२,००० रुपयांना ३० किलोचा बोकड, म्हणजे ४०० रुपये किलो, आणि दुकानात भाव ८०० रुपये, म्हणून निम्मी बचत, असे आपण मांडले आहे. परंतु ३० किलो हे जिवंत वजन आहे. मुंडी, पाय, कातडे आणि पोटातले सगळे वजा केल्यावर चराईच्या बोकडाचे हाडांसह मटण जिवंत वजनाच्या साधारण ४५ टक्के उतरते; दाणा खाऊन भरलेल्या बोकडाचे थोडे अधिक. म्हणजे एका बोकडामागे साडेतेरा किलो आणि तिन्हींचे मिळून साडेचाळीस किलो. आपण धरलेल्या ९० किलोंपैकी निम्म्याहून अधिक वजन आपल्या पातेल्यात येणारच नाही.

आता खरा खर्च पाहू. बोकडांचे ३६,००० रुपये. कापणे आणि तुकडे करणे यांचे प्रत्येकी ६०० प्रमाणे १,८०० रुपये. आपण पाहून ठेवलेला २४,००० रुपयांचा डीप फ्रीजर आठ वर्षे चालेल असे धरले तर त्याचे वर्षाचे ३,००० आणि विजेचे सुमारे तितकेच. ठेवीवरील सात टक्के व्याज दहा महिने बुडाले त्याचे २,१००. मुंडी, पाये आणि कलेजी यांची किंमत बोकडामागे १,००० रुपये धरून ती आपल्या बाजूने वजा करतो. बेरीज ४२,९०० रुपये होते आणि भाव किलोमागे जवळजवळ १,०६० रुपये पडतो. दुकानातून तेवढेच मटण ३२,४०० रुपयांना आले असते. शिवाय ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास बँका साधारणपणे व्याजदरात अर्धा ते एक टक्का कपात करतात, ती मी यात धरलेलीच नाही. (वर्षाला ६५ किलो मटण लागते हा आकडाही आपण ५२ आठवड्यांनी गुणून काढला आहे. श्रावण, पितृपक्ष आणि दोन्ही नवरात्रे आपल्या घरी पाळली जात असतील, तर साधारण ४३ आठवड्यांच्या वर काही उरत नाही.)

महाग पडले तरी चांगल्या प्रतीसाठी ते द्यावेत, असे आपण म्हणू शकता, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न इतकाच आहे की आपण नेमके कशाचे पैसे देत आहात. अमेरिकेत बहुतेक जनावरे शेवटचे काही महिने गोठ्याच्या आवारात मक्यावर पोसली जातात, त्यामुळे तेथे गवतावरचे जनावर वेगळे ठरते आणि त्याला वेगळा भाव मिळतो. चंबळच्या पट्ट्यात शेळी मुळातच बाभूळ, बोर आणि करीलाचा पाला ओरबाडून वाढते. दाण्यावर पोसलेले बोकड असतात, पण ते बहुधा बकरी ईदसाठी. म्हणजे आपल्या नेहमीच्या दुकानातले मटणही बरेचसे चराईचेच असण्याचा संभव आहे. पशुपालकाकडून थेट घेण्याचा फायदा वेगळा आहे: बोकडाचे वय, तो खच्ची केलेला आहे की नाही, त्याला जंताचे औषध कधी दिले, हे आपल्याला कळते. यासाठी किलोमागे थोडे जास्त मोजणे मला योग्य वाटते, अडीचशे रुपये मात्र नाही. तो माणूस ‘अस्सल जमुनापारी’ असा शब्द वापरत असल्याचे आपण लिहिता. यमुना-चंबळच्या घळी, इटाव्याचे चकरनगर आणि आपले भिंड, हे त्या जातीचे माहेरच आहे, म्हणून तो खरेही बोलत असेल. पण त्या जातीचा भाव दुधासाठी आणि पैदाशीसाठी दिला जातो. लांब कान आणि पोपटासारखे नाक यांची रश्शात काही किंमत नाही.

मला अधिक काळजी आगाऊ रकमेची वाटते. आज ते करडू बारा किलोचे आहे, म्हणजे ४०० च्या भावाने त्याची किंमत ४,८०० रुपये. आपण देणार १२,०००. उरलेले ७,२०० रुपये हे खरे पाहता त्या माणसाला दिलेले बिनतारण, बिनव्याजी कर्ज आहे, आणि तीन करडांचे मिळून ते २१,६०० रुपये होते. चारा बीहडात फुकट असल्यामुळे ही रक्कम चाऱ्यावर खर्च होणार नाही. ती त्याच्या घरातल्या आजारपणात किंवा देण्यात जाईल. मी त्याच्यावर अविश्वास दाखवत नाही, परंतु पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) साथ आली किंवा पावसाळ्याच्या तोंडाला आंत्रविषाराने करडे दगावली, तर नुकसान घेणाऱ्याचे, असे आपल्या कागदात स्पष्ट लिहिले आहे. लस टोचण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र लिहिलेले नाही. त्यातच बकरी ईदच्या आधी भाव चढले की आपला सर्वांत भरलेला बोकड कळपात ‘सापडत’ नाही, हा मोह कोणत्याही विक्रेत्याला होऊ शकतो.

म्हणून माझी सूचना अशी. चारही घरांनी मिळून साधारण महिन्याला एकच बोकड घ्यावा, तो घेण्याच्या दिवशी काट्यावर तोलावा आणि पैसे त्याच वेळी द्यावेत. १२,००० अधिक कापण्याचे ६००, वजा मुंडी-पाय-कलेजीचे १,०००; साडेतेरा किलोंना भाव पडतो सुमारे ८६० रुपये. प्रत्येक घराला तीन किलो चारशे ग्रॅमच्या आसपास मटण येईल, जे नेहमीच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मावते. त्यामुळे डीप फ्रीजरचा खर्चच उरत नाही. दुकानाच्या तुलनेत प्रत्येक वेळी २०० रुपये जास्त, वर्षात दहा वेळा घेतले तर २,०००. हे निवृत्तिवेतनातून सहज निघतात. बोकड अंगणात न कापता मान्यताप्राप्त कत्तलखान्यातूनच कापून आणावा. कत्तलखान्यांविषयीच्या २००१ च्या नियमांप्रमाणे पालिकेच्या हद्दीत ते बंधनकारक आहे, आणि तेथे पशुवैद्यकाची तपासणीही होते.

आपल्या जावयांनी सुचवलेली दुसरी गोष्ट, म्हणजे आणखी वीस करडे त्याच माणसाकडे ठेवून ईदला विकण्याची, मी सरळ नाकारतो. ते अन्न नाही, धंदा आहे. त्याचे उत्पन्न शेतीउत्पन्नात धरले जात नाही, त्यावर कर लागतो, आणि कळपावर आपली नजर एक दिवसही राहणार नाही. १९९० च्या दशकात सागाच्या झाडांत पैसे गुंतवणाऱ्यांनाही आपले झाड कोणते, हे माहीत नव्हते.

सुरुवात आषाढाच्या उत्तरार्धात करावी. आपला आखाड तेव्हा चालू असतो, पण हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमान्त सावन लागलेला असतो आणि गिऱ्हाईक कमी झालेले असते. त्या पंधरवड्यात जिवंत वजनाचा भाव ४०० वरून ३८० वर आणून मागायला हरकत नाही.